ताइस घ्यायचं कुठून: दिलीच्या बाजारातून की लाउतेममधून?

आग्नेय आशियातल्या तिमोर-लेस्तेहून (पूर्व तिमोरहून) ताइस, म्हणजे तिथलं हातमागाचं कापड, आणायचं म्हटलं की बहुतेक जण राजधानी दिलीच्या ताइस बाजारातून एखादा भडक शेला उचलतात. दुसरा पर्याय तिमोर बेटाच्या पूर्व टोकाला, फातालुकु लोकांच्या लाउतेममध्ये. तिथवर पोचण्यातच दिवस मोडतो.

भडक रंग म्हणजे मशीनचं कापड, हा मात्र गैरसमज. बाजारातलं ताइससुद्धा बहुधा बायकांनी कमरेच्या मागावरच विणलेलं असतं. मागाचं एक टोक पक्कं बांधलेलं, दुसरं विणणारीच्या कमरपट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ होतो. फरक पडतो तो सुताने. गिरणीचं रंगीत सूत आणलं की काम लवकर उरकतं, म्हणून ते स्वस्त पडतं. जुन्या पद्धतीत कापूस हाताने कातायचा, मग नक्षीच्या हिशेबाने ताण्याचे धागे बांधून निळीत किंवा नोनीच्या (आपल्या बारतोंडीच्या) मुळांच्या लाल रंगात बुडवायचे. नक्षी विणण्याआधीच धाग्यावर उतरते, त्यामुळे तिच्या कडा किंचित फिसकटलेल्या दिसतात. धाग्याची शंका आली तर दशीतला एक तंतू मागून घ्या आणि जाळून बघा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येऊन राख होते, कृत्रिम असेल तर वितळून गोळी होते.

माझं मत लाउतेमच्या बाजूने आहे, कारण तिथे हे कापड नात्यांच्या देवाणघेवाणीत आजही लागतं. लग्नात मुलीकडचे कापड देतात, मुलाकडून म्हशी येतात. मयतालाही ताइस लागतं. काही नक्ष्या ठरावीक कुळाच्या, तिथल्या भाषेत ‘रातु’च्या, मानल्या जातात. म्हणून घरातलं ठेवणीचं जुनं कापड कुणी अडचणीपायी विकायला काढलं, तर मी ते घेणार नाही. विकण्यासाठी विणलेलं मागावं, आणि सांगतील ती किंमत द्यावी. 2021 मध्ये युनेस्कोने ताइसची नोंद तातडीने जपायच्या वारशांत केली आहे. विणणारीच्या हातात नीट पैसे पडले, तरच तिची मुलगी मागावर बसेल.

चार जणांना भेट द्यायला शेले हवे असतील, तर दिलीचा बाजार उत्तम. भिंतीवर लावायला पुरुषांचं ताइस घ्या, ते सपाट आणि दशांचं असतं. बायकांचं नळीसारखं शिवलेलं असतं. ते नेसण्यासाठीच घ्या, शिवण उसवू नका.