ओबामा की मॅकेन: पाकिस्तानच्या बाबतीत कोण बरा होता?

अमेरिकेत मत देणाऱ्या आपल्या मंडळींपुढे दर चार वर्षांनी हा पेच उभा राहतो. पाकिस्तानला चारचौघांत दम भरणारा उमेदवार बरा, की रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयातल्या ओळखी सांभाळत आवाज न करता काम करणारा? पारख करायची तर २००८ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जोडी घ्यावी: डेमोक्रॅट ओबामा आणि रिपब्लिकन मॅकेन. दोन्ही वाण तिथे अस्सल मिळतात, आणि पुढे काय झालं तेही आता समोर आहे.

ओबामांनी आपले पत्ते १ ऑगस्ट २००७ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणातच उघड केले. अल-कायदाच्या मोठ्या म्होरक्याची पक्की खबर असेल आणि पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ हलले नाहीत, तर आम्ही हलू; शिवाय लष्करी मदतीला अटी लावू. पाकिस्तानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कसुरी यांनी हे विधान बेजबाबदार ठरवलं, आणि हिलरी क्लिंटन यांच्यापासून रिपब्लिकनांपर्यंत सगळ्यांनी ओबामांचा पोरकटपणा काढला.

मॅकेन यांचं म्हणणं जुन्या मुत्सद्द्याचं होतं: करायचं ते करा, पण असलं मोठ्याने बोलायचं नसतं. अफगाण सीमेवरचं वझिरिस्तान आपण पाहिलंय, तिथल्या टोळ्यांना सोबत घेतल्याशिवाय काही साधणार नाही आणि मदत तोडण्याची धमकी आपण देणार नाही, असं त्यांनी २६ सप्टेंबर २००८ च्या पहिल्या जाहीर वादात सांगितलं.

मॅकेन यांची बाजू हलकी नव्हती, आणि तिचं वजन कळायला कराचीच्या बंदराकडे बघावं लागतं. अफगाणिस्तानातल्या फौजांचं बहुतेक सामान तेव्हा तिथे उतरायचं आणि ट्रकने तोरखम किंवा चमनच्या सीमानाक्यातून वर जायचं. पाकिस्तान दुखावला की तो हे फाटक लावून घेतो. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला चौकीवरच्या हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले, तेव्हा ते सात महिन्यांहून अधिक काळ बंद राहिलं. उत्तरेकडून, मध्य आशियातून सामान न्यायला महिन्याला सुमारे १० कोटी डॉलर जास्तीचे लागत होते. मधल्या घासाघिशीत कंटेनरमागे २५० डॉलरऐवजी ५,००० मागून झाले. शेवटी जुलै २०१२ मध्ये, तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या हिलरींनी ‘सॉरी’ म्हटल्यावर ट्रक हलले, दर मात्र २५० च राहिला. तेव्हा तोंड सांभाळा हा सल्ला भित्रेपणाचा म्हणता येत नाही.

तरीही माझं पारडं त्या ‘मोठ्याने बोलू नका’पाशीच फिरलं. गुपित राखायचं ते नेमकं कुणापासून? त्या वादाच्या तेवीस दिवस आधी, ३ सप्टेंबरला, अमेरिकी कमांडो हेलिकॉप्टरने दक्षिण वझिरिस्तानात अंगूर अड्ड्याजवळ उतरले होते. अशा छाप्यांना बुश यांनी जुलैमध्येच परवानगी दिल्याची बातमी ११ सप्टेंबरला छापूनही आली होती. म्हणजे पाकिस्तानी लष्कराला ठाऊक, वझिरिस्तानातल्या शेळ्या राखणाऱ्याला डोक्यावरच्या घरघरीवरून ठाऊक. मग अंधारात उरला तो अमेरिकेतला मतदारच. ज्याच्या नावावर हे चाललंय त्यालाच सांगू नका, हे मला तरी पचलं नाही. (आणि हा सल्ला देणाऱ्याने आदल्याच वर्षी इराणवर बॉम्ब टाकायचं गाणं गमतीत म्हटलं होतं, याची आठवण ओबामांनी दुसऱ्या वादात करून दिलीच.)

या मौनाची किंमत हिशेबातही दिसते. दहशतवादविरोधी मोहिमेचा खर्च भरून देण्याची रीत अशी: पाकिस्तान अमेरिकी दूतावासात बिलं द्यायचा, अमेरिकी लष्कर ती तपासायचं, संरक्षण खात्यातून पैसे सुटायचे आणि पाकिस्तानच्या सरकारी तिजोरीत पडायचे. पुढे ते कुठल्या तुकडीला पोचले, हे पाहायची सोय जवळपास नव्हतीच. अमेरिकी संसदेच्या लेखातपासनिसांनी जून २००८ मध्ये ही बिलं उघडली, तर त्यांत हवाई संरक्षणाच्या रडारसाठी २० कोटी डॉलर निघाले. तालिबानकडे विमानं कुठली? रस्त्यांचे ३ कोटी आणि बंकरचे दीड कोटीही दिलेले, पण ती कामं झाल्याचा पुरावा फायलीत नव्हता. पाकिस्तानला १० अब्ज दिले आणि अड्डे होते तिथेच आहेत, हे ओबामा वादात म्हणाले ते म्हणून लागू पडलं.

पाकिस्तानातली प्रतिक्रिया मात्र दोघांनाही न जुमानणारी. लोकांसाठी अटी घालून पैसे दिले तर राग कमी होईल, असा ओबामांचा होरा होता. अमेरिकेच्या केरी-लुगर मदत कायद्याने पाच वर्षांसाठी दरवर्षी दीड अब्ज डॉलरची नागरी मदत ठरली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये उलटंच घडलं: पाकिस्तानी सेनापतींनी कायद्यावर जाहीर चिंता व्यक्त केली. लष्करी बढत्यांवर नागरी सरकारचा ताबा किती, याचा अहवाल अमेरिका मागणार, हे कलम झोंबलं होतं. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१२ च्या पाहणीत ७४ टक्के पाकिस्तानी अमेरिकेला शत्रू म्हणत होते. त्याच वर्षी बीबीसीच्या २१ देशांच्या चाचणीत ओबामांपेक्षा त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी यांना पसंती देणारा पाकिस्तान हा एकटाच देश. रॉम्नींचं प्रेम म्हणून नव्हे, बहुतेकांना दोघांशीही घेणंदेणं नव्हतं.

माझ्या आवडत्या उमेदवाराचा दोषही लिहायला हवा. ॲबटाबादला, २ मे २०११ रोजी, बिन लादेनला मारून बोलल्याप्रमाणे करून दाखवलं, हे खरं. पण ड्रोनच्या बाबतीत तोही मॅकेनच्याच वाटेने गेला. हल्ले २०१० मध्ये शंभरावर पोचले, आणि आपण ते करतो हे स्वतः जाहीर मान्य करायला जानेवारी २०१२ उजाडलं. उघड बोलणारा म्हणून ज्याला झुकतं माप दिलं, त्याने सत्तेवर आल्यावर तोंडाला कुलूप घातलं. तरी पुन्हा निवडायचं झालं तर, थोड्या कमी उत्साहाने, मी त्यालाच निवडेन; निदान मत देण्यापूर्वी काय होणार ते कळलं होतं.

मुंबईकराला यातलं एक आणखी खटकेल. दोघांचा सगळा वाद अल-कायदा आणि सरहद्दीच्या पट्ट्याभोवती फिरला. मतदानानंतर तीनच आठवड्यांत २६/११ झालं ते लष्कर-ए-तय्यबाकडून. केरी-लुगरच्या अटींत लष्कर-ए-तय्यबा, जैश-ए-मोहम्मद आणि तय्यबाचं ठाणं मुरिदके नावानिशी आले, ही जमेची बाजू. पण राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दाखवून त्या अटी माफ करायचा अधिकार त्याच कायद्याने परराष्ट्रमंत्र्यांना दिला होता, आणि २०१२ मध्ये तो वापरलाही गेला. पुढच्या वेळी कुणी उमेदवार ‘अटी घालू’ म्हणाला, तर माफीची सही कुणाच्या हातात ठेवणार, एवढं आधी विचारून घ्या.