तीन वर्षांची लायसन्स की घेतलेलं अँटीव्हायरस: स्कॅनर मेला पण पॉपअप काही मरंना

कंपनीचं नाव लिहीत नाही, उगं वाद नको. लातूरच्या दुकानातून तीन वर्षांची की घेतली होती, फीचर काय काय असतात ते तुम्हाला माहितीच आहे. पहिले बरेच महिने मी कौतुकच करायचो, कारण पोरगा नीटची तयारी करतो, ट्युशन एरियातल्या झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्हवर टेस्टच्या पीडीएफ आणतो आणि त्यात दर वेळी काही ना काही निघायचंच. लावला की स्कॅन, लाल खिडकी, साफ. पैसे वसूल.

मग एकदा पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले, बाण लागलेले, एक-दोन केबीचे. ह्या शॉर्टकट व्हायरसची गंमत अशी की त्याच्यावर डबल क्लिक केलं तरी खरं फोल्डर उघडतंच, त्यामुळं पोराला कळायचं काही कारणच नाही, आणि मागं डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजचा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) व्हायरसचं काम करून मोकळं. अँटीव्हायरस गप्प. उघडून बघितलं तर प्रोटेक्शन ऑफ. 'फिक्स नाऊ' दाबलं की गोल गोल फिरायचं आन परत ऑफ. काय काय चालू आहे ते दाखवणारं टास्क मॅनेजर उघडावं तर म्हणतंय ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलंय. घरात ॲडमिनिस्ट्रेटर मीच की!

आता खरा राग कशाचा ते सांगतो. स्कॅनर बंद, अपडेट बंद, पण उजव्या कोपऱ्यात 'आत्ताच रिन्यू करा, सूट मिळवा' हे मात्र चालू. मुदत संपायला अजून कितीतरी महिने बाकी! वॉचमन बेशुद्ध पडलाय आणि त्याचा भाऊ पगार मागायला दारात उभा, तसली गत. पॉपअपचा प्रोग्रॅम वेगळा, त्याला व्हायरसनं हातच लावला नव्हता. पोरगा टेस्ट सोडवलालाय आणि नेमकं प्रश्नावर येऊन बसलालंय. बंद करायची सेटिंग आतमध्ये आहे म्हणे, पण आतलं उघडंल तर ना. ह्या एका गोष्टीसाठी मी दोन स्टार कापलेत आणि ते परत देणार नाही.

हेल्पलाइनवाले हिंदीत फार गोड बोलले. रिमोटवर घेतो म्हणाले, पण त्याचं टूल त्यांच्या साइटवर, आणि साइटच उघडंना. दुकानदार म्हणला, "सर, फॉरमॅट मारून टाकू की, पाचशे रुपये द्या." फुकट होणाऱ्या कामाला पाचशे कशाला.

साइट उघडत नव्हती त्याचं कारण होस्ट्स फाइल, म्हणजे कुठल्या साइटसाठी कुठल्या पत्त्यावर जायचं ते लिहिलेली विंडोजची यादी. सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, तिथं ती असते. त्यात अँटीव्हायरसवाल्यांच्या साइटच्या नावांआधी १२७.०.०.१ टाकलेलं, म्हणजे कॉम्प्युटर बाहेर न जाता स्वतःलाच विचारत बसतो. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या ओळी उडवल्या. कंपनीचं रिमूव्हल टूल (अँटीव्हायरस मुळापासून काढायचा प्रोग्रॅम) मोबाइलवर उतरवून डेटा केबलनं टाकलं, पेनड्राइव्ह लावलाच नाही. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्जमधून एफ ४, सेफ मोड, म्हणजे विंडोज नुसत्या गरजेपुरत्या गोष्टींवर चालू.

इथं थोडं मत बदलावं लागलं. ते रिमूव्हल टूल एक नंबर चाललं, नेहमीचं अनइन्स्टॉल जिथं अडकत होतं तिथं ह्यानं झाडून सगळं काढलं. पॉपअपसकट.

आणि खरी मजा पुढंच. दुसरं अँटीव्हायरस गेलं की विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागं होतं, इतके दिवस ह्यानंच त्याला झोपवलेलं. अपडेट करून ऑफलाइन स्कॅन लावलं, स्कॅन ऑप्शन्समध्ये शेवटी आहे बघा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतं, त्यामुळं व्हायरसला आडवं यायला जागाच नाही. पंधरा मिनिटं धरा. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही म्हणून पहाटे लावलं. ट्रोजन (साळसूद बनून शिरणारा व्हायरस) सापडला, गेला.

तरी टास्क मॅनेजर बंदच. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथं असतात तिथली, टास्क मॅनेजर बंद ठेवणारी पॉलिसी हातानं काढली. तिथंच इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्समध्ये अँटीव्हायरसच्या एक्झीच्या (प्रोग्रॅमच्या फाइलच्या) नावावर डिबगर म्हणून दुसराच प्रोग्रॅम लावलेला दिसला, म्हणजे स्कॅनर उघडायला गेलं की विंडोज भलतंच काहीतरी चालवणार, मग 'फिक्स नाऊ' बिचारं काय फिक्स करणार. रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी एक्स्पोर्ट करून ठेवा बरं का. पेनड्राइव्हमधल्या पीडीएफ गेल्या नव्हत्या, नुसत्या लपवलेल्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइल लपवणारे शिक्के काढायची ॲट्रिब कमांड, त्यात एच, आर, एस तिन्ही मायनस, पुढं स्लॅश एस स्लॅश डी, आल्या सगळ्या.

आमचं मशीन जुनं, विंडोज ११ चढत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार त्याचीच भीती घालून नवीन की गळ्यात मारायलाय. पण १० वरच्या डिफेंडरला व्हायरसची नवीन माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत तरी देणार असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलंय. विंडोजची भोकं त्यानं बुजत नाहीत हे मान्य, म्हणून बँकेचं काम आता मोबाइलवरच. उरलेल्या मुदतीची की कुणाला पाहिजे असंल तर घेऊन जा, फुकट.