बोडी, व्हर्जिनिया सिटी की कोलंबिया: आईबाबा आलेत, वेळ एकाच गावापुरता आहे, तर कुठं न्यायचं?

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा आले की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या घरांत ठरलेली यादी निघते, गोल्डन गेट, योसेमिटी, टाहो, आणि मग कुणीतरी म्हणतं की ते जुनं खाणीवालं गाव पण दाखवूया ना. इथून घोळ सुरू होतो, कारण अशी गावं तीन आहेत, तिघांची नावं लोक एका दमात घेतात आणि फोटोही सगळ्यांचे सारखेच दिसतात, लाकडी घरं, जुनी गाडी, पाटी. प्रत्यक्षात तिन्हींची जातकुळी वेगळी आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: बघण्यासारखं गाव बोडीच, पण विचारणाऱ्या दहातल्या आठ घरांना मी कोलंबियालाच जा म्हणेन. आता का ते.

पहिला मुद्दा रस्ता आणि उंची, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. कोलंबिया सोनोरा गावाला लागून आहे, बे एरियातून ट्रॅफिक धरून अडीच-तीन तास, उंची जेमतेम २,१०० फूट, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी. व्हर्जिनिया सिटी नेवाडात, रीनोपासून पाऊण तासाच्या आत, पण आपल्याकडून चार-साडेचार तास, त्यामुळे टाहोला मुक्काम असेल तरच जमतं, मुद्दाम तेवढ्यासाठी उठून जाणं जिवावर येतं. बोडी म्हणजे सहा तासांची गोष्ट, सिएराच्या पलीकडच्या बाजूला, ३९५ हायवेवरून ब्रिजपोर्टच्या दक्षिणेला २७० नंबरचा रस्ता आत जातो तो १३ मैल, आणि त्यातले शेवटचे ३ मैल कच्चे. साधी गाडी जाते, हळू चालवा म्हणजे झालं, फक्त मागच्या सीटवर ज्यांची कंबर दुखते त्यांना आधी कल्पना द्या. आणि उंची ८,३७५ फूट! कळसूबाईच्या दीडपट. बीपीवाले, दम्यावाले, गुडघेवाले कोणी सोबत असतील तर हा आकडा गंमत म्हणून वाचू नका, तिथं शंभर पावलं चाललं तरी धाप लागते आणि सावलीला एक झाड नाही.

आता बोडीत आहे काय. १८५९ मध्ये डब्ल्यू. एस. बोडी नावाच्या माणसाला तिथं सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो बर्फाच्या वादळात मेला, म्हणजे ज्याच्या नावाचं गाव त्यानं गाव बघितलंच नाही. खरी भरभराट १८७७ नंतर, मोजून चार-पाच वर्षं, तेवढ्यात सात ते दहा हजार माणूस गोळा झालं आणि तेवढ्याच वेगानं पांगलं. १९३२ च्या आगीत गावाचा मोठा भाग गेला. जे उरलं, शंभरच्या वर इमारती, ते १९६२ पासून स्टेट पार्कच्या ताब्यात आहे, आणि त्यांचं धोरण असं की घर पडू द्यायचं नाही पण नवंही करायचं नाही. छप्पर गळत असेल तर छप्पर दुरुस्त, पाया खचला तर टेकू, पण रंग नाही, पॉलिश नाही, आतली धूळसुद्धा आहे तशी.

त्यामुळे बोडी बघायचं म्हणजे बरचसं खिडकीला नाक लावून बघायचं. शाळेच्या खिडकीत पृथ्वीचा गोल आहे, मागं बाकं आणि फळा. बून स्टोअरच्या फळ्यांवर डबे-बाटल्या अजून रचलेल्या, एखाद्या घरात भिंतीचा कागद सोलून खाली लोंबतोय आणि खाली टेबल जागेवर. बाहेर भिंतींवर नीट बघा, पत्र्याचे डबे ठोकून सपाट करून त्याचे तुकडे लाकडाच्या फटींवर मारलेत, वारा आत येऊ नये म्हणून. इतक्या उंचीवर हिवाळा काय असेल ते त्या पत्र्याकडं बघून कळतं, पाटी वाचायची गरजच पडत नाही. स्वेझी हॉटेल एका अंगाला कललंय आणि त्याला लाकडाचा टेकू दिलाय. बँक जळाली, तिजोरीची खोली तेवढी उभी आहे. टेकडीच्या अंगाला स्टँडर्ड मिल, जिथं दगड कुटून सोनं वेगळं काढायचे, तिची गाइडेड टूर सीझनमध्ये असते, वेगळं तिकीट, आणि जागा मर्यादित असल्यामुळे पोचल्या पोचल्या आधी तिची चौकशी करा. याच मिलसाठी १३ मैलांवरून पाण्यावर केलेली वीज तारेनं आणली होती, १८९० च्या दशकात! घरात कोणी निवृत्त एमएसईबीवाले असतील तर बाकी काही नाही पाहिलं तरी त्यांचे पैसे वसूल.

व्हर्जिनिया सिटीबद्दल लोकांची तक्रार असते की नुसती जत्रा आहे. अर्धं खरं आहे. सी स्ट्रीटवर लाकडी फूटपाथ, दोन्ही बाजूंनी सलून (म्हणजे जुन्या थाटाचे बार), टीशर्ट, फज, काउबॉय टोप्या, आणि तेवढंच फिरून परत आलात तर हो, जत्राच. गाव बघायला पैसे नाहीत पण प्रत्येक म्युझियमचं तिकीट वेगळं, त्यामुळे फुकट फुकट म्हणत चौघांचे बरेच डॉलर जातात. तरीपण या गावाची गोष्ट तिघांत सगळ्यात मोठी आहे, आणि ती जमिनीखाली आहे. १८५९ मध्ये लोक इथं सोनं शोधत होते आणि एक निळसर-काळा चिकट गाळ कामात सारखा आडवा यायचा, तो शिव्या घालत बाजूला फेकायचे. तपासून घेतल्यावर कळलं की ती चांदी आहे, आणि तीही भरपूर. हीच कॉमस्टॉक लोड, लोड म्हणजे खनिजाची शीर. खनिजाचा पट्टा इतका रुंद आणि माती इतकी भुसभुशीत की नेहमीचे टेकू टिकेनात, तेव्हा १८६० मध्ये फिलिप डाइडेशायमर या इंजिनिअरनं लाकडी चौकटींची घनाकार रचना काढली, एकावर एक, हवी तितकी वाढवता येणारी. चोलर माइनच्या टूरमध्ये हे जुनं लाकूडकाम आत जाऊन दिसतं, आणि माझ्या मते सी स्ट्रीटवरच्या सगळ्या दुकानांपेक्षा ती टूर भारी. बंद जागेची भीती असेल तर मात्र नको.

दुसरी जागा फोर्थ वॉर्ड स्कूल, १८७६ ची चार मजली लाकडी शाळा, आदल्या वर्षी ऑक्टोबरात अख्खं गाव जळालं होतं तरी लगेच एवढी शाळा उभी केली, यावरून तेव्हा गावात काय पैसा होता ते समजा. शिवाय सॅम्युअल क्लेमेन्स इथंच पेपरात काम करायचा आणि १८६३ मध्ये त्यानं मार्क ट्वेन हे नाव पहिल्यांदा लावलं ते इथंच. एक अडचण: गाव डोंगराच्या उतारावर आहे, ए, बी, सी, डी असे रस्ते पायऱ्यांसारखे खाली उतरत जातात, म्हणजे सी वरून बी वर जायचं तरी चढ. उंचीही ६,२०० फुटांच्या आसपास. गोल्ड हिलपर्यंत जाणारी व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वे आहे ना, ज्येष्ठांसाठी ती बरी, बसून फिरता येतं.

कोलंबियाला इतिहासवाले थोडं नाक मुरडतात, की तिथं वेष घातलेली माणसं फिरतात, सगळं नटवलेलं आहे. असेना का. १८५० ला वसलेलं गाव, १८५४ आणि १८५७ च्या आगींनंतर लोकांनी शहाणं होऊन विटांनी बांधलं, दारं-खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या, आणि त्या झडपांमुळेच आज बघायला इतकं शिल्लक आहे. १९४५ पासून स्टेट पार्क. मेन स्ट्रीटवर गाड्यांना बंदी, त्यामुळे नातवंडं मोकाट सोडता येतात. घोड्यांची स्टेजकोच आहे, लोहार काम करताना दिसतो, वाळू चाळून सोनं शोधायचा खेळ आहे (पैसे भरून, आणि सापडतं ते चिमूटभरच, पण पोरं तासभर तिथून हलत नाहीत). प्रवेश फुकट. आणि गावाच्या कडेला ते पांढरे ओबडधोबड चुनखडीचे खडक आहेत ना, बहुतेक लोक तिथं सेल्फी काढून निघून जातात, तर एकेकाळी त्या खडकांच्या माथ्यापर्यंत माती होती. सोन्यासाठी ती सगळी धुऊन नेली. हे आईबाबांना आवर्जून सांगा.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट कमी दिसते ती म्हणजे इथं कोण कोण होतं. बोडी आणि व्हर्जिनिया सिटी दोन्हीकडे मोठी चिनी वस्ती होती, आज त्या जागी बघायला जवळजवळ काही नाही. कोलंबियाच्या शेजारचं सोनोरा तर मेक्सिकोतून आलेल्या खाणकामगारांनीच वसवलं, आणि १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिन्याला २० डॉलर कर बसला तेव्हा त्यातले कितीतरी सोडून गेले. मधे रद्द झालेला हा कर १८५२ ला परत आणला, रक्कम कमी पण झळ मुख्यतः चिन्यांना. आपण व्हिसावर आलेली माणसं, हे वाचून आपल्यात थोडी बोलाचाली होतेच, व्हावी पण.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. कोलंबियात आइस्क्रीम, गोळ्या-चॉकलेटं, जेवण सगळं आहे, व्हर्जिनिया सिटीतही आहे. बोडीत काहीही मिळत नाही, पेट्रोल नाही, फोनला रेंजही नाही म्हणूनच धरा, टाकी ३९५ वरच्या ब्रिजपोर्ट किंवा ली व्हायनिंग या गावांत भरून घ्या, पाणी माणशी भरपूर, आणि दशम्या-चटणी घरूनच. टॉयलेट पार्किंगपाशी, गावात शिरण्याआधीच जाऊन या. आणि मुलांना बजावून ठेवा की खिळासुद्धा उचलायचा नाही, तिथून काही नेलं की शाप लागतो अशी गोष्ट आहे आणि लोक खरंच वस्तू पोस्टानं परत पाठवतात, माफीच्या पत्रासकट.

मग ठरवायचं कसं? आईबाबा सत्तरीपुढचे किंवा मुलं दहाच्या आतली, तर कोलंबिया, जास्त विचार करू नका, जोडीला जेम्सटाउनची जुनी रेल्वे बघून या. टाहोला मुक्काम आहे आणि सगळ्यांचे पाय धड आहेत, तर व्हर्जिनिया सिटी, पण खाण आणि शाळा दोन्ही करणार असाल तरच. बोडी हे योसेमिटीतून टायोगा पास या घाटानं पलीकडं उतरून मोनो लेक करणार असाल तेव्हा, ली व्हायनिंगला रात्र काढून, सकाळी गेट उघडताना.

आणि नातेवाईक डिसेंबरात येणार असतील तर प्रश्नच मिटला, टायोगा पास बंद असतो, बोडीच्या रस्त्यावर गाडी जात नाही, व्हर्जिनिया सिटीला बर्फ बघून निघावं लागतं, राहिलं कोलंबिया.