मॉड्युलर सर्व्हो ड्राइव्ह: चार अक्ष, आठ महिने आणि एक पावसाळा

बेळगावच्या उद्यमबागेत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, चढवणाऱ्या गॅन्ट्री लोडरला (वरच्या तुळईवर सरकणाऱ्या यंत्राला) मॉड्युलर सर्व्हो ड्राइव्हचा हा संच लावून आठ महिने झाले. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग आणि जोर सांभाळणारं उपकरण. एक पॉवर सप्लाय मॉड्यूल, त्याला चिकटून चार अक्षांचे चार ड्राइव्ह, कंट्रोलरशी जोडणी इथरकॅट या औद्योगिक नेटवर्कने. एकही ड्राइव्ह जळलेला नाही. ट्रिप (ड्राइव्हचं स्वतःहून बंद पडणं) आले ते बहुतेक डीसी बसचे, म्हणजे सगळ्या ड्राइव्हना वीज देणाऱ्या सामायिक डीसी लाइनचे.

415 व्होल्ट थ्री फेज रेक्टिफाय झाली (एसीची डीसी झाली) की बसवर साधारण 587 व्होल्ट येतात आणि चारही ड्राइव्ह त्यावरच चालतात. एक अक्ष थांबताना परत टाकलेली वीज दुसरा वेग घेताना ओढतो, हा मोठा फायदा. पण दोन अक्ष एकदम थांबले तर ती ओढायला कुणीच नसतं. बस चढते, 750 ते 800 व्होल्टच्या आसपास जादा वीज उष्णतेत जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर चालू होतो आणि तो कमी पडला की ओव्हरव्होल्टेज ट्रिप. अशा वेळी ड्राइव्ह बदलत बसू नका. ट्रेसवर (ड्राइव्हने नोंदलेल्या आलेखावर) बस व्होल्टेज आणि सगळ्या अक्षांचे वेग एकत्र बघा. इथे एका अक्षाच्या थांबण्याची वेळ 150 मिलिसेकंदांनी सरकवली, ट्रिप बंद. रेझिस्टर बदलायचाच तर वॉट वाढवा. ओहम मात्र मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली नेला तर आतला ट्रान्झिस्टर जातो.

उभ्या अक्षाला एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे मोटरचा जोर सुरक्षितपणे तोडणं) दिलं की टॉर्क त्याच क्षणी जातो, पण मोटरचा ब्रेक आवळायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात भार खाली सरकतो. म्हणून आधी अक्ष थांबवा, ब्रेक बसू द्या, मग टॉर्क काढा. ग्रिपरखाली (भाग पकडणाऱ्या पंजाखाली) हात घालायचा असेल तर यांत्रिक टेकू हवाच, निव्वळ एसटीओवर भरवसा नको.

ऑटो ट्यूनिंग (ड्राइव्हने नियंत्रणाची सेटिंग स्वतः शोधणं) रिकाम्या ग्रिपरवर केलं तर कास्टिंग उचलल्यावर अक्ष थरथरतो. पूर्ण भार लावून करा.

बेळगावात खरा त्रास पॅनलमध्ये जाणाऱ्या हवेचा. ड्राइव्ह आयपी 20 चे, म्हणजे धुळीपासून संरक्षण नसलेले, आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ वीजवाहक. उन्हाळ्यात पॅनलचं दार उघडं टाकून पंखा लावायची इथली सवय ड्राइव्हच्या जिवावर उठते. दार बंद ठेवून पॅनल एसी लावा. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पॅनल थंड पडलं की आत दव धरतं. छोटा हीटर आणि ह्युमिडिस्टॅट (दमटपणा बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) बसवा, त्यांची लाइन मेन स्विचच्या आधीच्या बाजूने घ्या, म्हणजे मशीन बंद असतानाही ते चालू राहतील.

एन्कोडरचे (मोटरची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरचे) अधूनमधून येणारे अलार्म शिल्डमुळे, म्हणजे केबलवरच्या धातूच्या जाळीमुळे, होते. शिल्ड पिळून तार करून अर्थला बांधली होती. पूर्ण घेर धरणारा क्लॅम्प लावल्यावर ते थांबले.

मॉड्यूल बदलणं सोपं, पण बस सामायिक असल्याने एकासाठी चारही अक्ष बंद ठेवावे लागतात. चार्ज दिवा विझला तरी बस मल्टिमीटरने मोजल्याशिवाय हात लावू नका. पॅरामीटर (सेटिंग) मेमरी कार्डवरून येतात. होम पोझिशन (अक्षाची सुरुवातीची ठरलेली जागा) मात्र हळू वेगात तपासून घ्या.