परसबाग की मोठी शेती? गावात थोडी जमीन असलेल्या गोंयकारासाठी

आपली ‘मोठी शेती’ पाहून विदर्भातल्या शेतकऱ्याला हसू येईल. अख्खं गोवा राज्यच ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात डोंगर, नद्या आणि बंगले. तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न असा: घरामागे भाजी आणि फळझाडं करायची, की शेजाऱ्यांच्या कुणग्यांना, म्हणजे भाताच्या वाफ्यांना, आपले जोडून यंत्राने भात काढायचं?

पोटापुरतं म्हणाल तर भात जिंकतो. हेक्टरी ४ टन धरले, तर २,००० चौरस मीटरमध्ये आठेक क्विंटल भात, म्हणजे पाचेक क्विंटल तांदूळ. पाच माणसांचं वर्ष निघतं. परसबागेतून एवढं पोट कधीच भरणार नाही. पण भाताला चार महिने थांबावं लागतं, तर तांबडी भाजी महिनाभरात ताटात येते. शिवाय बेळगावहून येणाऱ्या भाजीत सात शिरांची भेंडी मिळत नाही. २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालेली काणकोणची खोल मिरचीसुद्धा टिकली ती लहान शेतकऱ्यांनी दरवर्षी बी राखून ठेवलं म्हणून. माझ्या लेखी परसबागेची खरी कमाई हीच. भाजीच्या बिलात वाचणारे पैसे किरकोळ.

भातशेती मात्र एकट्याची नसतेच. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, तर बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) साऱ्यांचे. खेकड्यांनी बांध पोखरला आणि कोणी बघितलं नाही, तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. कापणीचं यंत्रसुद्धा एका कुणग्यासाठी येत नाही, सलग शेत लागतं. त्यामुळे ‘माझं शेत पडीक ठेवलं तर कोणाचं काय जातं?’ हा प्रश्न इथे चालत नाही. बरं, पुढे विकून मोकळं होऊ म्हणाल, तर २०२३च्या कायद्यानंतर भातशेती बिगरशेतकऱ्याला विकणं जवळजवळ बंद झालंय.

एका पिकावर विसंबण्याचा धोका धारबांदोड्याकडच्या ऊस उत्पादकांना विचारा. तिथल्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप थांबलं आणि उभ्या उसाला गिऱ्हाईक शोधत फिरायची वेळ आली. याउलट फोंडा-सत्तरीतलं कुळागर, म्हणजे सुपारीची मिश्र बाग, बघा: सुपारीवर मिरवेल, मध्ये केळी, खाली अननस, कडेला जायफळ. एकाचा भाव पडला तर दुसरं सावरतं. कष्ट आहेतच. पावसाळ्यात सुपारी कुजवणारा कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं औषध) मारायला माडीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढणारा माणूस शोधणं हे हल्ली वेगळंच काम होऊन बसलंय.

पणजीत नोकरी आणि गावी फक्त शनिवार-रविवार असं असेल तर परसबागेच्या फंदात पडू नका. भेंडी दोन दिवस राहिली की जून होते आणि उरलेलं माकडं संपवतात. तुमच्यासाठी सामुदायिक भातशेतीच बरी. घरात कायम कोणी राहत असेल तर भाताचे कुणगे त्या शेतीतच राहू द्या आणि घरामागे परसबाग करा.

कुळागराचा विचार असेल तर रोपं आणण्याआधी एप्रिल-मेमध्ये विहीर बघा. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात आणि तेवढे सगळे उन्हाळे तिला पाणी द्यावं लागतं. पाणी पुरत नसेल तर त्या जागेत काजू लावा.