कुकीज: नाकारायच्या, पुसायच्या की अडवायच्या?

रावेरकडच्या एखाद्या केळी उत्पादकाने मोबाइलवर ठिबकच्या नळ्यांचे भाव पाहिले, की पुढे काही दिवस बातम्या उघडा, हवामान उघडा, क्रिकेटचा स्कोअर उघडा, जाहिरात ठिबकचीच. जळगावच्या सराफ बाजारात जाण्याआधी घरी मंगळसूत्राचे नमुने बघणाऱ्यांचंही तेच होतं. ठिबकवाल्याच्या आणि बातम्यांच्या साइटचा एकमेकींशी संबंध नसतो. पण दोन्ही पानांवर जाहिरातीची जागा एकाच तिसऱ्या कंपनीची असते आणि तिची कुकी तुमच्या फोनमध्ये बसलेली असते. सेटिंगमध्ये तिला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. आपण तिला सरळ तिऱ्हाईत कुकी म्हणू.

कुकी म्हणजे जेमतेम ४ केबीपर्यंतचा मजकूर. साइट तो ब्राउझरला, म्हणजे क्रोमसारख्या वेबपानं उघडणाऱ्या अॅपला, सांभाळायला देते आणि तुम्ही परत गेलात की ब्राउझर तो तिला दाखवतो. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली, कारण वेबसाइटला आधीचा माणूस आठवतच नसे. साइटची स्वतःची कुकी नसेल तर लॉगिन टिकत नाही, खरेदीची टोपली रिकामी होते आणि प्रवेशअर्जाच्या तिसऱ्या पानावरून थेट पहिल्या पानावर यावं लागतं. म्हणून ‘सगळ्या कुकीज ब्लॉक’ हा पर्याय आधीच बाजूला ठेवा. ऐन शेवटच्या तारखेला फॉर्म भरणाऱ्याचं त्याने नुकसानच होतं. उरतात चार मार्ग, आणि ते एका तोलाचे नाहीत.

पहिला, पानाच्या तळाशी कुकीजची परवानगी मागणाऱ्या पट्टीवर नकार देणं. ‘रिजेक्ट ऑल’ समोर दिसत असेल तर दोन सेकंदांचं काम आहे, जरूर करा. पण पुष्कळदा समोर फक्त मोठं ‘अॅक्सेप्ट’ असतं आणि नकार ‘मॅनेज’ किंवा ‘सेटिंग्ज’च्या आत दडवलेला असतो. तिथे जाऊन ‘नेसेसरी’ सोडून बाकीच्या खुणा काढायच्या आणि सेव्ह करायचं. हे प्रत्येक साइटवर नव्याने करावं लागतं, आणि साइट तुमचा नकार पाळते की नाही हे तुम्हाला दिसत नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं की आधीच टिक केलेली चौकट ही संमती होत नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय देण्याची तरतूद आहे. मराठी त्या २२ भाषांत आहे, अहिराणी नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘हाऊ काय से’ असा प्रश्न पडला, तर ती पट्टी आपणच समजावून सांगायला हवी.

दुसरा मार्ग, कुकीज पुसणं. क्रोममध्ये तीन ठिपके, ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’, मग काळ निवडून ‘कुकीज अँड साइट डेटा’. लोकांना हाच उपाय सर्वांत जालीम वाटतो आणि तिथेच चूक होते. ‘ऑल टाइम’ निवडलंत की सगळ्या लॉगिनवर पाणी पडतं. ज्या साइटला तुमचा फोन ओळखीचा होता तिला तो परका होतो आणि ओटीपीचा फेरा पुन्हा सुरू होतो. पट्टीवर दिलेला नकारसुद्धा कुकीतच साठवलेला असतो, म्हणून तोही पुसला जातो आणि सगळ्या पट्ट्या परत उगवतात. जाहिरात कंपनी मात्र पुढच्याच पानावर नव्या कुकीत तुम्हाला नवा ओळख क्रमांक देऊन मोकळी होते. पुसण्याचा खरा उपयोग एकच: एखादी साइट अडली, लॉगिन फिरून फिरून त्याच पानावर आणू लागलं, तर ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘ऑल साइट्स’मध्ये जाऊन फक्त तिचा डेटा काढायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

तिसरा मार्ग तिऱ्हाईत कुकीज अडवण्याचा, आणि स्वतःचा फोन असणाऱ्या जवळपास प्रत्येकाने तोच धरावा. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग ‘साइट सेटिंग्ज’ किंवा काही आवृत्त्यांत ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘थर्ड-पार्टी कुकीज’ आणि ब्लॉक. एकदाच करायचं. साइटच्या स्वतःच्या कुकीला धक्का लागत नाही, त्यामुळे लॉगिन टिकतं. साइटने तुमचा नकार पाळला नाही तरी ब्राउझर ती कुकी घेतच नाही.

अडचण कुठे येते तेही पाहा. पानाच्या आतच दुसऱ्या कंपनीची चौकट असेल, म्हणजे पैसे भरण्याची, चॅटची किंवा लॉगिन मागणाऱ्या व्हिडिओची, तर ती कोरी राहते किंवा पुन्हापुन्हा लॉगिन मागते. परीक्षा शुल्क भरताना असं झालं तर पैसे दोनदा भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा, मग पत्त्याच्या पट्टीतल्या डोळ्याच्या चिन्हावरून त्या एकाच साइटला परवानगी द्या. चिन्ह दिसत नसेल तर सेटिंगमध्ये त्या साइटचा पत्ता अपवाद म्हणून घालता येतो.

ब्राउझर निवडायचा असेल तर फरक मुळातल्या सेटिंगचा आहे. क्रोम या कुकीज नेहमीच्या खिडकीत आपणहून अडवत नाही. २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत त्या बंद करू असं जाहीर केलं होतं, पुढे तारखा ढकलत गेल्या आणि एप्रिल २०२५ पर्यंत तो बेत पूर्ण सोडला. आयफोनवरची सफारी २०२० पासून त्या पूर्ण अडवते, ब्रेव्हही. संगणकावरचा फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो, त्यामुळे कुकी असूनही ती दुसऱ्या साइटवरचं सांगू शकत नाही. यात साइट्स कमी बिघडतात, म्हणून घरच्या संगणकासाठी आमची पसंती फायरफॉक्सला. अँड्रॉइडवर तो घेतलात तर ट्रॅकिंग प्रोटेक्शन ‘स्ट्रिक्ट’वर ठेवा. नवं अॅप नको असेल तर क्रोममधलं ते एक बटणही पुरेसं आहे.

चौथा मार्ग इन्कॉग्निटोचा, म्हणजे बंद केल्यावर कुकीज आणि पाहिलेल्या पानांची नोंद ब्राउझरमध्ये न ठेवणाऱ्या खासगी खिडकीचा. भुसावळ, शिरपूर किंवा शहाद्याच्या सायबर कॅफेत, जिथे दिवसभर अर्ज भरले जातात, तिथे हाच हवा. त्यातही कोणाच्याही खात्याशी न जोडलेली गेस्ट खिडकी अधिक चांगली, कारण त्या क्रोममध्ये अनेकदा दुकानदाराचंच खातं चालू असतं. उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइल चित्रावर टिचकी मारून ‘गेस्ट’ निवडा. पासवर्ड साठवू का असं विचारलं तर ‘नेव्हर’. काम झाल्यावर खासगी प्रकारच्या सगळ्या खिडक्या बंद करा, एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन जिवंत राहतं. उतरवलेली पीडीएफ आपोआप जात नाही, आधार आणि गुणपत्रिका ‘डाउनलोड्स’मधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. मात्र नेट पुरवणाऱ्यापासून किंवा लॉगिन केलेल्या साइटपासून इन्कॉग्निटो काही लपवत नाही.

यांपैकी एकही सेटिंग अॅपच्या आत चालत नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधली लिंक त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, त्याच्या कुकीज वेगळ्या. तिथे तीन ठिपक्यांवरून लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. अॅपमधल्या जाहिराती कुकीवर चालतच नाहीत, त्या फोनच्या जाहिरात क्रमांकावर (अॅडव्हर्टायझिंग आयडी) चालतात. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर सेटिंग्ज, गूगल, ‘अॅड्स’ इथे ‘डिलीट अॅडव्हर्टायझिंग आयडी’ आहे. क्रोममधलं बटण दाबलंत की त्याच बैठकीत हेही करून टाका.