नंदुरबारातली सॅक दुरुस्ती: दीडशे रुपयांत दोन्ही पट्टे

सॅक दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेली. ५० लिटर, २,२०० रुपये, खिसे नऊ, पाठीला जाळी, वर पावसाचं कव्हर फुकट. एका दिवसाच्या भटकंतीत तिने कधी कुरकुर केली नाही. खरी परीक्षा झाली ती दिवाळीत, अस्तंब्याच्या यात्रेत.

अस्तंबा म्हणजे आपल्या धडगावकडचं १,३२५ मीटरचं शिखर. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनाला माणसं रात्रभर चालत वर जातात. वाट म्हणाल तर पावसाने ठेवली तेवढीच. मधोमध पाण्याने कापलेली घळ, तिच्यात सुटा मुरूम, दोन्ही बाजूंना कमरेएवढं वाळलेलं गवत. दुपारी ऊन भाजून काढतं, पहाटे दात वाजतात, त्यामुळे चार लिटर पाणीही पाठीवर आणि स्लीपिंग बॅगही. शिवाय आईने दिलेली तिळाच्या तेलाची बाटली. अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो ही गोष्ट तिने लहानपणी इतक्यांदा सांगितलीय की नाही म्हणायची सोयच नव्हती. वरच्या खिशात निम्मं तेल झिरपलं, ते जाऊ द्या.

उतरताना मुरमावरून पाय सटकला, सॅक एका अंगाला हिसकली आणि उजवा पट्टा खांद्यापाशी उपटून हातात आला. कापड शाबूत, पट्टाही शाबूत, गेली ती शिवण. बघतो तर एकच सरळ टीप, तीही कापडाच्या अगदी काठावर. नऊ खिसे शिवता शिवता दोरा संपला असावा! मागून येणाऱ्या एका यात्रेकरूने डोक्याचा रुमाल सोडून अशी गाठ मारून दिली की खाली येईपर्यंत हलली नाही. त्याचं स्वतःचं सगळं सामान खांद्यावरच्या एका झोळीत होतं.

नंदुरबारला आल्यावर बसस्थानकाजवळच्या गल्लीत बॅगा शिवणाऱ्या काकांकडे गेलो. दुकानाला पाटी नाही. दाराला शाळेची दप्तरं टांगलेली दिसली की तेच. सॅक उलटीपालटी करून म्हणाले, “कितलं वझं भरेल व्हतं भाऊ यामा?” बारा किलो म्हटलं तर नुसते हसले.

काम मात्र बघत बसावं असं. जुनी शिवण पूर्ण उसवली. पट्टा दोन बोटं आत सरकवला, आतून रेक्झिनचा जाड तुकडा लावला आणि नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन शिवून त्यात फुली मारली. ओझं आता एका रेघेवर येत नाही, सगळ्या चौकोनावर पसरतं. डाव्या पट्ट्याला काही झालं नव्हतं, तरी न विचारता तोही उसवला. “तो बी जाईच,” एवढंच बोलले. दोन्हींचे मिळून १५० रुपये. नंतर तेवढंच ओझं घेऊन तोरणमाळला दोन दिवस फिरून आलो, शिवण जागची हललेली नाही.

तक्रारी आहेत. राखाडी सॅकवर लालभडक दोरा घातलाय, दुरून राखी बांधल्यासारखी दिसते. रेक्झिनची कड मानेजवळ घासते, मी तिथे जुन्या मोज्याचा तुकडा लावून घेतलाय. ‘उद्या या’ म्हणाले होते, तो उद्या तिसऱ्या दिवशी उगवला. कमरपट्ट्याचं बकल तडकलंय, ते त्यांच्याकडे मिळालं नाही. त्यासाठी धुळ्याला जावं लागेल.

आणि न्यायच्या आधी सॅकच्या जाळीत घुसलेली कुसळं चिमट्याने काढून न्या. माझी निम्मी तशीच राहिली होती. शिवताना एक त्यांच्या अंगठ्यात गेलं आणि मग सॅक बाजूला टाकून आधी चहा सांगितला, तोही माझ्या खात्यावर.